ज्ञानेश्वरचं ‘जञनशवर’ का होतं आणि ते कसं दुरुस्त करायचं

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन सकाळी साडेदहाला आला. “ताई, ओळखपत्रं छापून आलीत, पण सभासदांची नावं बोडकी झालीत. ज्ञानेश्वर पाटलांच्या कार्डावर ‘जञनशवर पटल’ असं आलंय. ते समोरच उभे आहेत. त्यांना काय सांगू?”

मी गेली चौदा वर्षं सांगलीत राहून छोट्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. वाचनालयं, पतसंस्था, एक-दोन शाळा. त्या ओळखपत्रांमागचा कोड माझाच होता. जुन्या एक्सेल यादीतली नावं आत घेताना त्यातला कचरा, म्हणजे तारका, कंस, आकडे, कुठून तरी आलेली चौकोनी चिन्हं, काढून टाकायला मी पाच ओळींचं एक फंक्शन लिहिलं होतं. नावातलं एकेक चिन्ह घ्यायचं. ते अक्षर असेल किंवा मोकळी जागा असेल तर ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. अक्षर आहे की नाही, हे मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘इझअल्फा’ या तयार फंक्शनला विचारत होते. कोड वाचला तर त्यात काही वावगं दिसत नाही. चाचणीला मी नाव दिलं होतं ‘भरत नगरकर’. ते जसंच्या तसं बाहेर आलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

‘भरत नगरकर’ या नावात एकही काना, मात्रा, वेलांटी नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

त्या दिवसापासून अशा गाळण्या मी कशा तपासते आणि कशा लिहिते, ते इथे सविस्तर मांडते आहे. उदाहरणं बहुतेक पायथनची आहेत, पण जावा, जावास्क्रिप्ट किंवा सी लिहिणाऱ्यांनाही तेच खड्डे लागतात, फक्त ठिकाणं वेगळी असतात.

आधी नाव सोडवून बघा

पडद्यावर ‘ज्ञा’ हे एक अक्षर दिसतं. संगणकाच्या लेखी ते चार वेगळे कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतातले चार क्रमांक आहेत: ज, हलन्त, ञ आणि काना. म्हणून गाळणी बिघडली की कोडकडे बघण्याआधी मी ती स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची माळ, सोडवते. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ नावाचं मॉड्यूल भाषेसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. स्ट्रिंगवर एक लूप फिरवा आणि प्रत्येक चिन्हासाठी तीन गोष्टी छापा: ‘ऑर्ड’ने मिळणारा क्रमांक, ‘कॅटेगरी’ने मिळणारा वर्ग आणि ‘नेम’ने मिळणारं नाव.

‘ज्ञानेश्वर’साठी दहा ओळी छापून येतात:

ज – २३३२ – अक्षर
् – २३८१ – जोडचिन्ह
ञ – २३३४ – अक्षर
ा – २३६६ – जोडचिन्ह
न – २३४४ – अक्षर
े – २३७५ – जोडचिन्ह
श – २३५८ – अक्षर
् – २३८१ – जोडचिन्ह
व – २३५७ – अक्षर
र – २३५२ – अक्षर

मी ज्याला ‘अक्षर’ लिहिलं आहे त्याचा वर्ग प्रत्यक्षात ‘एल-ओ’ असा येतो. जोडचिन्हांचे मात्र दोन वर्ग पडतात. काना, दोन्ही वेलांट्या, ो, ौ, विसर्ग हे ‘एम-सी’मध्ये, म्हणजे स्वतःची जागा घेणारी जोडचिन्हं. उकार, ृ, े, ै, ॅ, अनुस्वार, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि हलन्त हे ‘एम-एन’मध्ये, म्हणजे अक्षराच्या वर-खाली बसणारी, स्वतःची जागा न घेणारी. पायथनचं ‘इझअल्फा’ फक्त ‘एल’ने सुरू होणाऱ्या वर्गांना हो म्हणतं. त्यामुळे ‘क’ला हो, ‘का’ला नाही. ‘मराठी’ या शब्दाला विचारा, उत्तर ‘नाही’ असंच येतं.

त्या फंक्शनमध्ये बग नाही. त्याच्या दस्तावेजात हेच लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

परिणाम किती दूर जातो, तेही लक्षात घ्या. शीला, शैला, शालू या तिघींचं ‘शल’ होतं. मीना, मोना, मैना यांचं ‘मन’ होतं. नाव आणि आडनाव जोडून दुबार नोंदी शोधायचा माझा दुसरा एक कोड होता. त्याने अशा गाळलेल्या नावांवरून दोन वेगळ्या बायकांना एकच सभासद समजून एकीचं खातं दुसरीत मिसळलं होतं. ओळखपत्र चुकलं ते निदान डोळ्यांना दिसलं. हे मिसळणं आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं.

हाताने लिहिलेल्या मर्यादा

‘इझअल्फा’ने मात्रा खाल्ल्या हे कळल्यावर बहुतेक जण, मीसुद्धा, पहिल्यांदा काय करतात? ते फंक्शन काढून टाकतात आणि स्वतःची मर्यादा लिहितात: अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत. याच सवयीबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे.

इंग्रजीतलं जुनं उदाहरण आधी घेऊ, कारण ते अजूनही कोडमध्ये सापडतं. मोठ्या ‘ए’पासून छोट्या ‘झेड’पर्यंत असा एकच पट्टा लिहायचा. अ‍ॅस्की या जुन्या इंग्रजी संकेतात मोठी अक्षरं ६५ ते ९० आणि छोटी ९७ ते १२२ आहेत. मधल्या ९१ ते ९६ या सहा जागांवर चौकोनी कंसांची जोडी, उलटी तिरपी रेघ, वरचा बाण, अधोरेघ आणि उलटं अवतरण बसलेलं आहे. ती सहाही चिन्हं अक्षरं म्हणून आत येतात. शिवाय अक्षरं सलग असतात हे गृहीतच मुळात सगळीकडे खरं नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या एब्सिडिक संकेतात ‘आय’ आणि ‘जे’ यांच्यामध्ये, तसंच ‘आर’ आणि ‘एस’ यांच्यामध्ये खंड आहे. सी भाषेचं प्रमाणक आकडे सलग असण्याची हमी देतं, अक्षरांची देत नाही.

मराठीत हा खड्डा जास्त खोल आहे, कारण आपण शाळेत पाठ केलेला क्रम आणि युनिकोडचा क्रम एक नाही.

आपली मुळाक्षरं ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपतात. त्यामुळे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात शोधायच्या नमुन्यात, ‘अ ते ळ’ लिहिलं की जवळजवळ सगळं आलं असं वाटतं. युनिकोडने देवनागरीचा क्रम इस्की-१९८८ या भारतीय संकेतावरून घेतला आणि त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. ल २३५४, ळ २३५५, आणि व, श, ष, स, ह त्याच्या पुढे २३५७ ते २३६१. म्हणजे ‘अ ते ळ’ या पट्ट्यात व, श, ष, स, ह नाहीतच. मात्रा आणि हलन्तही नाहीत. ‘विश्वास’ हे नाव या गाळणीत टाका: व, वेलांटी, श, हलन्त, व, काना, स, यातलं एकही चिन्ह आत बसत नाही. बाहेर रिकामी स्ट्रिंग येते. एका पतसंस्थेच्या यादीत मला नाव नसलेले खातेदार सापडले होते, ते याच कारणाने.

‘अ ते ज्ञ’ लिहिलं तर काय होतं, तेही बघा. ज्ञ हे एक चिन्ह नाही, तीन आहेत. चौकटी कंसात रेग्युलर एक्स्प्रेशन त्याचा अर्थ लावतं: अ पासून ज पर्यंत, शिवाय हलन्त, शिवाय ञ. झ बाहेर. ट पासून ह पर्यंत सगळं बाहेर. लिहिणाऱ्याला वाटतं आपण पूर्ण वर्णमाला दिली.

‘अ ते ह’ हा पट्टा अक्षरांपुरता बरा आहे, पण त्यात मात्रा नाहीत आणि ‘ॲ’ही नाही. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि त्याला २४१८ ही लांबची जागा मिळाली. मग कुणी कंटाळून पूर्ण देवनागरी खंडच उघडतं, २३०४ ते २४३१. त्यात मात्रा येतात, पण दंड आणि देवनागरी आकडेही येतात, आणि ‘र्‍य’मधला न दिसणारा जोडक तरीही बाहेर राहतो. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

प्रत्येक पट्टा हा वर्णमालेबद्दल आपण केलेला दावा असतो. तो दावा युनिकोडच्या तक्त्यात आधीच तपासून ठेवलेला आहे आणि तो तक्ता तुमच्या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. दर नव्या आवृत्तीबरोबर तो सुधारतो. तुमच्या कोडमधला २३०४ हा आकडा सुधारायला कुणी येत नाही.

मग काय लिहायचं

पायथनमध्ये माझी गाळणी आता अशी आहे. प्रत्येक चिन्हाचा वर्ग ‘युनिकोडडेटा’च्या ‘कॅटेगरी’कडून घ्यायचा. वर्गाचं पहिलं अक्षर ‘एल’ किंवा ‘एम’ असेल तर चिन्ह चालतं. मोकळी जागा, टिंब, जोडरेघ आणि एकेरी अवतरण ही चार चिन्हं नावांत खरोखर लागतात, म्हणून ती वेगळी नोंदवलेली. नावाचं पहिलं चिन्ह मात्र ‘एल’ वर्गाचंच हवं, कारण आधाराशिवाय लटकलेली मात्रा ही नक्कीच टायपिंगची चूक असते. सगळं मिळून सहा ओळी. मूळच्या पाच ओळींपेक्षा एकच जास्त.

हे काम रेग्युलर एक्स्प्रेशनने करायचं असेल तर जपून. पायथनच्या सोबत येणाऱ्या ‘आरई’ मॉड्यूलमधला ‘शब्दातलं चिन्ह’ हा संकेत मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे ‘हिशेब’ या एका शब्दाचे तुकडे पडतात. युनिकोडच्या वर्गावरून शोधायची सोयही त्यात नाही. ती बाहेरून बसवायच्या ‘रेजेक्स’ नावाच्या मॉड्यूलमध्ये आहे. जावास्क्रिप्टमध्ये तोच संकेत फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेघ ओळखतो; पण २०१८च्या प्रमाणकापासून ‘यू’ हा झेंडा लावून ‘एल’ आणि ‘एम’ वर्ग थेट मागता येतात. जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही ती सोय आहे.

जावा वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिथे ‘इझलेटर’ मात्रांना नकार देतं हे कळलं की लोक ‘इझअल्फाबेटिक’कडे वळतात. ते मात्रांना हो म्हणतं. पण हलन्ताला आणि नुक्त्याला नाही. मग ‘ज्ञानेश्वर’चं ‘जञानेशवर’ होतं. मला हा बग पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. ‘जञनशवर’ बघून कुणीही थबकतं. ‘जञानेशवर’ हे घाईत टाइप केल्यासारखं दिसतं, आणि ते कारकुनाच्या माथी मारलं जातं.

सीमध्ये काम करत असाल तर देवनागरी अक्षर यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं हे आधी मनात पक्कं करा. ‘सीटाइप’मधली फंक्शनं एकेका बाइटसाठी आहेत, अक्षरासाठी नाहीत. शिवाय त्यांना दिलेली किंमत ‘अनसाइन्ड कॅर’मध्ये मावणारी किंवा ‘ईओएफ’ (फाइल संपल्याची खूण) असावीच लागते. साधा ‘कॅर’ बऱ्याच संगणकांवर ऋण किंमत धरतो आणि देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७च्या वरचा असतो, म्हणजे तिथे ऋणच होतो. मग काय होईल याची काहीही हमी नाही. इंग्रजी मजकूर वर्षानुवर्षं सुरळीत चालतो आणि पहिलं मराठी नाव आलं की प्रोग्राम कोसळू शकतो. तिथे ‘अनसाइन्ड कॅर’मध्ये बदलून देणं ही सक्तीची गोष्ट आहे.

सीमधलाच आणखी एक: ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा ओलांडायला ‘स्ट्रसीएचआर’ने लूप लिहू नका. स्ट्रिंगच्या शेवटचं शून्यही त्या फंक्शनला ‘सापडतं’, त्यामुळे ओळ नुसत्या मोकळ्या जागांची असेल तर लूप शेवट ओलांडून पुढे पळतो. ‘स्ट्रस्पॅन’ हे फंक्शन नेमकं याच कामासाठी आहे आणि ते शेवटाला थांबतं.

तर्काच्या दोन चुका, थोडक्यात

‘चिन्ह तारका नसेल किंवा कंस नसेल तर ठेव’ ही अट नेहमीच खरी असते, कारण कुठलंही चिन्ह एकाच वेळी तारका आणि कंस असू शकत नाही. तिथे ‘आणि’ हवं. याहून चांगलं म्हणजे, नको असलेल्या चिन्हांचा एक संच करा आणि चिन्ह त्यात आहे का एवढंच विचारा.

दुसरी चूक, यादीवर पुढे सरकत असतानाच तिच्यातून चिन्ह काढणं. एक काढलं की पुढचं त्याच्या जागी सरकतं आणि तपासायचं राहून जातं. दोन तारका शेजारी असल्या की एक उरते. नवी स्ट्रिंग बांधा, किंवा पायथनचं ‘ट्रान्सलेट’ वापरा. त्याला काढायच्या चिन्हांचा तक्ता दिला की ते काम एका फेरीत होतं.

स्टँडर्ड फंक्शनलाही नीट विचारावं लागतं

लायब्ररीतलं फंक्शन घेतलं म्हणजे सगळं झालं, असं मी म्हणत नाही. फंक्शनच्या नावावरून त्याचं काम ओळखू नका, त्याचा दस्तावेज उघडा. माझ्या कामातलं सर्वांत वेदनादायक उदाहरण ‘एलस्ट्रिप’चं आहे.

नावाआधीचं ‘श्री’ काढायचं होतं. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने ‘एलस्ट्रिप’ला ‘श्री’ आणि एक मोकळी जागा दिली. ‘श्री गणेश’चं ‘गणेश’ झालं, चाचणी पास. प्रत्यक्ष यादीत ‘श्री रमेश’चं ‘मेश’ झालं आणि ‘श्री शरद’चा नुसता ‘द’ उरला. कारण ‘एलस्ट्रिप’ शब्द काढत नाही. दिलेल्या चिन्हांपैकी कुठलंही चिन्ह सुरुवातीला सापडत राहील तोपर्यंत खात जातं. इथे तो संच श, हलन्त, र, वेलांटी आणि मोकळी जागा असा होता. पायथन ३.९पासून, म्हणजे २०२०पासून, ‘रिमूव्हप्रीफिक्स’ आहे. तेच वापरा, आणि त्याला ‘श्री’नंतरची मोकळी जागाही द्या, नाहीतर ‘श्रीराम’चा ‘राम’ होईल.

आकड्यांचंही तसंच. पायथनमध्ये ‘इझडेसिमल’, ‘इझडिजिट’ आणि ‘इझन्यूमेरिक’ अशी तीन फंक्शनं आहेत. देवनागरी ‘१’ला तिन्ही हो म्हणतात. पण गणितातल्या वर्गाचं (स्क्वेअरचं) चिन्ह म्हणून वर लिहिलेल्या छोट्या दोनला ‘इझडिजिट’ हो म्हणतं, आणि मग ‘इंट’ त्याला पूर्णांकात बदलताना चूक दाखवून थांबतं. अर्ध्याच्या एकसंध चिन्हाला ‘इझन्यूमेरिक’ हो म्हणतं. ‘याचा पूर्णांक करता येईल का’ हा प्रश्न असेल तर ‘इझडेसिमल’ हेच उत्तर. ‘१२३’ ही देवनागरी स्ट्रिंग पायथनचं ‘इंट’ आणि जावाचं ‘पार्सइंट’ बिनतक्रार वाचतात. जावास्क्रिप्ट मात्र ‘संख्या नाही’ असं सांगतं.

या फरकाचा फटका मोबाइल नंबरच्या रकान्यात बसतो. ज्येष्ठ सभासद मराठी कीबोर्डवर नंबर देवनागरीत लिहितात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पायथनमधला ‘आकडा’ हा रेग्युलर एक्स्प्रेशनचा संकेत देवनागरी आकडे स्वीकारतो, जावास्क्रिप्टमधला स्वीकारत नाही. फॉर्ममधून नंबर नाकारला जातो, एक्सेलमधून आला तर तसाच आत जाऊन बसतो, आणि एसएमएस पाठवायच्या वेळी अडतो. मी आत घेतानाच प्रत्येक आकडा ‘युनिकोडडेटा’च्या ‘डेसिमल’ने बदलून घेते. नंबर नाकारायचं काही कारणच उरत नाही.

मोकळ्या जागांसाठी ‘स्प्लिट’ला काहीही न देता बोलवा आणि तुकडे एका साध्या जागेने परत जोडा. एक्सेलमधून येणारी न तुटणारी मोकळी जागा, क्रमांक १६०, त्यात आपोआप जाते. शून्य रुंदीची जागा, ८२०३, मात्र जात नाही, कारण तिला युनिकोड मोकळी जागा मानत नाही. ती हाताने काढावी लागते.

दऱ्या आणि दर्या

न दिसणाऱ्या चिन्हांबद्दल आता नीट सांगते.

‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. फरक एवढाच की एकात आडवा र, दुसऱ्यात रफार. आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे नुक्त्याचं अक्षर, क्रमांक २३५३, आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारातला जोडक कुणी ‘अदृश्य कचरा’ म्हणून काढला की दरीचा समुद्र होतो. शब्द शुद्धच राहतो, अर्थ बदलतो. कुठलाही स्पेलचेकर तो पकडणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ‘युनिकोडडेटा’च्या ‘नॉर्मलाइझ’ने स्ट्रिंग ‘एनएफसी’ या जुळवलेल्या रूपात आणा. र आणि नुक्ता सुटे आले असतील तर त्याने ते ऱ मध्ये जुळतात. पण जोडकाचा प्रकार त्याने बदलत नाही, म्हणून र, हलन्त, जोडक हे तीन सापडले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. अ आणि ॅ सुटे टाइप झाले असतील तर ॲ करा, कारण तीही जोडी नॉर्मलाइझ जुळवत नाही. एवढे दोन बदल मी स्वतः लिहिले आहेत, बाकी सगळं लायब्ररीचं. आणि जोडक किंवा वियोजक (अक्षरं जोडू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह) देवनागरी अक्षरांच्या मध्ये असेल तर त्याला हात लावू नका.

इंग्रजी संकेतस्थळांवरून उचललेली एक कृती इथे फार नुकसान करते: ‘एनएफडी’ हे सुटं केलेलं रूप करून सगळी ‘एम-एन’ चिन्हं काढा, म्हणजे फ्रेंच शब्दांवरचे आघात जातात. फ्रेंचला ते मानवतं. मराठीत ‘कुसुम’चं ‘कसम’ होतं.

गाळू नका, थांबवा

नावाच्या रकान्यात गाळणीने गुपचूप काही काढू नये, असं माझं ठाम मत आहे. न चालणारं चिन्ह सापडलं तर ती ओळ बाजूला ठेवा, कुठल्या जागी कुठलं चिन्ह अडलं ते दाखवा आणि माणसाला विचारा. एखाद्याचं नाव काय आहे, हे ठरवायचा अधिकार आपल्या लूपला नाही.

सुरक्षेच्या नावाखाली एकेरी अवतरण काढणं हा याच चुकीचा भाऊ. वसईच्या, गोव्याच्या कितीतरी कुटुंबांची आडनावं इंग्रजीत त्या चिन्हासह लिहिली जातात. डेटाबेसला धोका नको असेल तर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या मजकुरात, नाव चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून वेगळं द्या. प्रत्येक डेटाबेस लायब्ररीत ती सोय असते. पानावर दाखवताना एचटीएमएलचं ‘एस्केप’ फंक्शन वापरा. नाव जसं आहे तसं साठवा.

चाचणीसाठी माझ्याकडे आता एक छोटी फाइल आहे, ती मी प्रत्येक प्रकल्पात नेते. ज्ञानेश्वर, विश्वास, कुसुम, झेलम, ॲना, दऱ्या दोन्ही पद्धतींनी टाइप केलेलं, श्री शरद, दुःखी, कृष्णाबाई, आणि शेवटी भरत नगरकर. प्रत्येक नाव गाळणीतून जायचं आणि एनएफसी रूपाशी तंतोतंत जुळून बाहेर यायचं. फक्त दऱ्याच्या दोन्ही नोंदी एकच व्हायच्या आणि श्री शरदचं शरद व्हायचं.

वाचनालयाचं काम निस्तरायला मूळ एक्सेल फाइल मी जपून ठेवली होती, म्हणून त्यातली नावं नव्या कोडमधून पुन्हा घेता आली. ज्यांची नोंद थेट काउंटरवर झाली होती त्यांचं मूळ कुठेच नव्हतं; काढलेली मात्रा कोडला परत आणता येत नाही. त्यासाठी ज्या नावांत ‘एम’ वर्गाचं एकही चिन्ह नाही, अशा सगळ्या ओळी मी वेगळ्या काढल्या. मग ग्रंथपाल बाईंनी सभासद अर्जांची फाइल उघडली, मी लॅपटॉप घेतला आणि दोन दुपारी आम्ही एकेक नाव वाचून लावलं. त्या यादीतल्या कमल आणि मदन या दोघांची नावं खरोखरच बिनमात्रेची निघाली. ‘मन’ तिघी होत्या: एक मीना, एक मैना आणि एक मनू. ज्ञानेश्वर पाटलांचं नवं कार्ड बाईंनी त्यांच्या घरी नेऊन दिलं.